काजळी लागेल तिथंच

१

नोलाचं मनगट मोडलं म्हणून त्या फेब्रुवारीत मी घरी गेलो. नोला माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, सत्तरीची. लग्न केलं नाही, डोंगरातलं आमचं घर सोडलं नाही. मागच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. शेगडीत लाकडं सारायला, वाटेवरचा बर्फ ओढायला कुणीतरी हवं होतं. मी टपालखात्यातून निवृत्त झालेला, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. म्हटलं, महिनाभर राहतो.

"महिनाभर नुसता बसलास तर माझं डोकं खाशील," नोला म्हणाली. "माळ्यावर तुझी पेटी पडलीय. ती काढ खाली."

कुठली पेटी ते विचारावं लागलं नाही. लांबट पुठ्ठ्याची पेटी, सुतळीनं बांधलेली, वर डॅडींच्या सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं माझं नाव, 'आर्डेन'.

आमच्या घरात पहिली बंदूक कुणी तयार विकत घेत नसे. सुटे भाग मागवायचे आणि आपली आपण जुळवायची. डॅडींनी तशीच जुळवली होती, त्यांच्या वडिलांनीही. चुऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्याआधी डॅडींनी दोन पेट्या मागवल्या. एक माझा भाऊ वेंडल याची, तो तेव्हा सतरा वर्षांचा. दुसरी माझी, मी पंधराचा. वेंडलनं त्याची उघडली. माझी तशीच राहिली, आणि का राहिली ते पुढे येईलच.

सुतळी कापली तर आत सगळं जसंच्या तसं. अर्धवट कोरलेला मेपलच्या लाकडाचा दस्ता, अष्टकोनी लांब नळी, चकमकीचा घोडा आणि त्याची पट्टी, चाप, पितळेचे तुकडे, तेलकट कागदात गुंडाळलेले स्क्रू. मी नाक खुपसून वास घेतला. नोला दारात उभी राहून हसली.

"केक नाहीये तो, आर्डी."

२

दिवस लवकरच ठरून गेला. सकाळी कुट्टूच्या पिठाची धिरडी आणि सॉसेज, ती मी भाजायची आणि नोलानं नावं ठेवायची. मग भांडी, मग लाकडं. साडेनऊच्या सुमारास अंगण ओलांडून डॅडींच्या कामाच्या खोलीत. खोली दहा वर्षं बंद होती, पण हत्यारं भिंतीवर आपापल्या खिळ्यांना. प्रत्येक हत्यारामागे डॅडींनी त्याची आकृती काढून ठेवलेली, म्हणजे जागा चुकायला नको.

या कामात बिघडतं ते एकाच ठिकाणी. लोखंड लाकडात बसत नाही. खाच कोरलेली असते, पण घट्ट. मग काय करायचं, तर रॉकेलचा दिवा पेटवायचा, त्याच्या धुरावर लोखंडाला काजळी धरायची, ते खाचेत हळूच दाबायचं आणि बाहेर काढायचं. लाकडाला जिथं काळं लागलं तिथं ते अडतंय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. शंभर वेळा.

"घट्ट आहे म्हणून रडू नका," डॅडी आम्हाला सांगायचे. "सैल असतं तर रडायचं होतं. काजळी लागेल तिथंच खरवडायचं, एक केसभर जास्त नाही. आणि जोर कुणी लावायचा नाही. जोर लावायला बैल पाहिजे, बंदूक करायला माणूस."

पहिले चार दिवस मी घोड्याच्या पट्टीशी झटलो. पुढचं टोक अडत होतं. काजळी धरली, दाबली, काढली, मटाराएवढा काळा डाग. खरवडला. पुन्हा तोच डाग, तिथंच. चष्मा पुसला. खरवडला. दुपारी एकपर्यंत तोच खेळ.

लाकूड ओल धरतं. पन्नास वर्षं माळ्यावर वाळलेलं लाकूड, आता खोलीतल्या शेगडीची ऊब आणि बाहेरचा बर्फ. फुगत असेल. मी पोस्टकार्डाचा तुकडा कापून टोकाशी, लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवून पाहिला. तुकडा आरामात गेला. म्हणजे तिथं लोखंड लाकडाला टेकतच नव्हतं. आणि काळं तर लागत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी घोड्याची पट्टी एका दाबात बसली. अडलेलं टोक साफ झालं होतं, माझ्या हाताला जमणार नाही इतकं गुळगुळीत. टेबलावर लाकडाची एकच लांब, न तुटलेली, सफरचंदाच्या सालीसारखी वळलेली ढलपी पडली होती.

माझ्या पटाशीखालून चुरा निघतो, पहिल्यापासून. डॅडी म्हणायचे, आर्डेन खरवडत नाही, उंदरासारखा कुरतडतो. लांब ढलपी काढायचा तो वेंडल.

मी ती ढलपी शेगडीत टाकली. आदल्या दिवशी एखादा हात चांगला पडला असेल आणि माझं लक्ष नसेल, असं स्वतःला सांगितलं. चौसष्टाव्या वर्षी माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, हे त्यापेक्षा काही वेगळं नाही.

३

"आज रंगात होतात," जेवताना नोला म्हणाली.

"होतात?"

"ऐकू येतं ना इथं. सिंकशी उभं राहिलं की दोन पटाश्यांचा आवाज येतो. एक कुर्र कुर्र करते, ती तुझी. दुसरी लांब ओढते."

"प्रतिध्वनी असेल. खोली रिकामी आहे."

"असेल." तिनं डाव्या हातानं चमचाभर घेवडा उचलला, तो वाटेतच सांडला. "शी! या हातानं मी उपाशी मरणार."

तिच्या हाताकडे बघून मला बरं वाटलं नाही. तोवर मनात कुठंतरी एक सोपं उत्तर धरून होतो, की म्हातारी माझी गंमत करतेय, मी झोपल्यावर जाऊन खरवडून येतेय. पण त्या हाताला चमचा धरवत नव्हता. आणि खोलीची किल्ली माझ्याच खिशात असायची.

"नोला, त्या खोलीत तू कधी जातेस?"

"मी कशाला जाऊ? मला तिथं काय काम?" मग जरा थांबून म्हणाली, "हिवाळ्यात दिवा दिसतो कधी कधी. मी पडदा ओढून घेते. त्यालाही कुणी टक लावून बघितलेलं आवडत नसेल."

"कुणाला?"

"घेवडा घे अजून."

माझी ही बहीण चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीनशे पोरांचं जेवण तिनं वेळेवर काढलंय. चर्चमध्येसुद्धा डोळे उघडे ठेवून बसणारी बाई. मी घेवडा वाढून घेतला.

४

शेवटी नळी राहिली. नळीच्या मागच्या टोकाला पोलादाची एक शेपटी असते, ती दस्त्याच्या मानेत वरून बसते. मान म्हणजे दस्त्याची सगळ्यात नाजूक जागा, मनगटासारखी. तिथंच शेपटी अडली.

ती तिथंच अडणार हे मला माहीत होतं. वेंडलचीही तिथंच अडली होती.

पंच्याहत्तरचा जानेवारी, शनिवार, बाहेर लख्ख ऊन. वेंडल तीन दिवस त्या शेपटीशी बसला होता. काजळी, दाब, खरवड. मी शेजारी बसून वैतागलो होतो, कारण त्याची झाल्याशिवाय माझी पेटी उघडायची नाही असं डॅडींनी ठरवलेलं. वेंडल गाईला वैरण घालायला गेला. मी मोगरी, लाकडी हातोडी, उचलली आणि शेपटीवर एक ठोका दिला. हलली. मग जोरात दुसरा. लाकूड करकरलं आणि मान उभी चिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

वेंडल आला, बघितलं. मला वाटलं मारेल. त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला. "पोपटा," तो म्हणाला. मी फार बोलायचो म्हणून तो मला पोपट म्हणायचा. "सरसानं जुळेल रे. फाइककडून घेऊन येतो. डॅडींना अजून सांगू नकोस." आणि कोट चढवून गेला. फाइक म्हातारा गिरणीच्या तळ्यापलीकडे राहायचा. रस्त्यानं दोन मैल, तळ्यावरून दहा मिनिटं. सगळेच बर्फावरून जायचे.

तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडला.

डॅडींनी नंतर तो चिरलेला दस्ता पाहिला आणि मला विचारलं, "हे त्यानं केलं?" मी होकारार्थी मान डोलावली. शब्दसुद्धा काढावा लागला नाही. डॅडी त्यानंतर एकोणचाळीस वर्षं जगले, आणि वेंडलची आठवण निघाली की म्हणायचे, "हात सोन्याचा होता पोराचा. पण शेवटी घाई केलीच." दरवेळी मी तिथंच बसलेलो असायचो.

तर, शेपटी अडली. मी काजळी धरली, दाबली, उचलली. खाचेच्या आत काहीच नव्हतं. काळं लागलं होतं ते बाहेर, मानेच्या दोन्ही अंगांना, जिथं लोखंड पोचूच शकत नाही. डाव्या बाजूला चार बोटं, उजव्या बाजूला अंगठा. खालून कुणी मान मुठीत गच्च धरावी, लाकूड चिरू नये म्हणून, तशी.

माझे स्वतःचे हात पाहिले. काळे होतेच. माझीच बोटं असणार. मी माझी मूठ त्या डागांवर ठेवून पाहिली. माझी बोटं जाड आहेत, टपालाच्या पिशव्या उचलून वाकडी झालेली. डाग बारीक होते, सरळ.

मग लक्षात आलं, माझ्या उजव्या हातात मोगरी आहे. ती मी खिळ्यावरून केव्हा काढली ते आठवेना. भिंतीवर तिची पेन्सिलीनं काढलेली आकृती तेवढी रिकामी दिसत होती.

मोगरी परत टांगली आणि तडक स्वयंपाकघरात गेलो. नोला पाठमोरी होती.

"नोला, वेंडलचा दस्ता मी चिरला. त्यानं नाही. मी डॅडींशी खोटं बोललो."

ती वळली नाही. "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? कुणी सांगितलं तुला?"

तिनं सिंकवरच्या खिडकीतून अंगणापलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस. कॉफी गार होतेय."

"नोला, कुणी सांगितलं?"

"अरे, ज्याचा होता त्यानं," ती चिडून म्हणाली. "दुसऱ्या कुणाला माहीत होतं?"

५

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हतो. साडेनऊ वाजले, दहा वाजले. नोलानं माझ्यासमोरची बशी उचलली, पुसली, आणि परत तिथंच ठेवली. मी उठलो.

शेपटी अंगठ्याच्या दाबानं बसली. नुसती टेकवली आणि ती आत गेली, फट नाही, आवाज नाही. इतकं सुंदर बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. मला मात्र रडू आलं. शेगडीत लाकूड तडतडत होतं, खिडकीतून ऊन थेट टेबलावर, मेपलचा, काजळीचा, रॉकेलचा वास. क्षणभर सगळे होते. डॅडी मागे कानस घासत होते, मॉम अंगणातून जेवायला हाक मारणार होती.

एक तपासणी राहिली होती. नळीच्या मागच्या टोकाशी बाजूला एक बारीक छिद्र असतं, तिथून ठिणगी आत जाते. त्यात तेल, कचरा अडकलेला चालत नाही. रिकाम्या नव्या नळीच्या तोंडातून फुंकर मारायची आणि छिद्रापाशी वारा येतो का ते पाहायचं. नळी साडेतीन फूट, त्यामुळे हे दोघांचं काम. एकानं फुंकायचं, दुसऱ्यानं बोट ओलं करून छिद्रापाशी धरायचं. वारा लागला की म्हणायचं, "आली." ते ऐकेपर्यंत फुंकणाऱ्यानं तोंड काढायचं नाही, हा नियम. मग जागा बदलायच्या. डॅडींच्या जुन्या बंदुकीवर आम्ही दोघं हे तासन् तास करायचो. वेंडल छिद्रावर बोट दाबून गप्प बसायचा, माझे गाल फुगून कान लाल होईपर्यंत, आणि मग हसत हसत म्हणायचा, "आली रे, पोपटा, आली."

बंदूक वाळूच्या दोन पिशव्यांवर आडवी होती, तोंड खिडकीकडे. एकट्यानं हे कसं जमवावं, असा विचार करत मी सवयीनं बोट ओलं केलं आणि छिद्रापाशी धरलं.

फुंकर आली.

गार, बारीक. एक. मग थांबली. मग दुसरी, मग तिसरी. खिडकी बंद होती, कडीसुद्धा लावलेली. मी वर पाहिलं नाही. बोट काढायचं होतं, निघालं नाही. चौथी फुंकर लांब होती. ती संपेना. माणसाच्या छातीत मावेल त्याहून ती लांब होती, आणि शेवटी छिद्रातून पाण्याचा एक थेंब निघून माझ्या बोटावर आला.

"आली," मी म्हणालो.

फुंकर थांबली. तेव्हा मी मान वर केली. खिडकीच्या उजेडात, नळीच्या तोंडाशी, एक लाल झालेला कान दिसला, आणि त्यामागे कपाळावर चिकटलेले केस, टोकांना बर्फ धरलेला. पापणी लवली आणि तिथं फक्त ऊन होतं.

टेबलाची फळी करकरली, कुणी कोपर उचलल्यासारखी. मग माझ्या बाजूचं स्टूल जमिनीवरून थोडं सरकलं. माझ्या अगदी शेजारी ओल्या लोकरीचा वास आला.

आता पाळी माझी होती.

पळून का गेलो नाही, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दार चार पावलांवर होतं. पण मी टेबलाला वळसा घातला, खिडकीपाशी गेलो, वाकलो आणि नळीला तोंड लावलं. लोखंड इतकं गार होतं की ओठ चिकटले. मी फुंकलं.

वारा पलीकडे गेला नाही. कुणीतरी छिद्रावर बोट दाबून धरलं होतं.

मी गाल फुगवून थांबलो. कान तापले. समोर, साडेतीन फुटांवर, काही नव्हतं. मी तो एक शब्द ऐकायला थांबलो.

६

एक वाजला तरी जेवायला आलो नाही म्हणून नोला बर्फातून, तो जड हात सांभाळत, खोलीपर्यंत आली. मी खिडकीखाली पडलो होतो. तिनं डाव्या हातानं माझ्या तोंडावर बर्फ चोळला तेव्हा मला शुद्ध आली. शेगडी विझली होती.

"तोंड बघू." तिनं माझी हनुवटी उजेडाकडे वळवली. ओठांभोवती आठ कोनांचा निळा वळ उठला होता. "किती वेळ फुंकत होतास?"

"माहीत नाही. साडेदहाला आलो होतो."

"वेडा आहेस." ती हळूच माझ्याशेजारी जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. बंदूक टेबलावर होती. ऊन आता तिच्यावरून सरकून दाराकडे गेलं होतं. आम्ही दोघं म्हातारी, पाय पसरून, लहानपणी या खोलीत बसायचो तशी बसून राहिलो.

"काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मी वाट बघत होतो, नोला. शेवटपर्यंत बघत होतो. तो नाही बोलला."

तिनं माझ्या कोटावरचा लाकडाचा चुरा झटकला, बराच वेळ, एकेक कण. मग भिंतीचा आधार घेऊन उठली आणि उठवायला मला चांगला हात पुढं केला.

"मग उद्या परत ये इथं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी नाश्त्यालाही थांबलो नाही, अंगण ओलांडून थेट नळीपाशी गेलो.